नव्या नगरभवनाच्या निवड समितीस खुले पत्र: दर्शनी भाग नंतर, आधी रांगेचे बोला

निवड समितीच्या सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

नव्या नगरभवनासाठी आलेल्या आराखड्यांची चित्रे आपण लोकांसमोर मांडलीत आणि सूचना मागवल्यात, याबद्दल आधी आभार. असे सगळीकडे होत नाही. चित्रे मी निवांत पाहिली. प्रत्येक चित्रात संध्याकाळ आहे. काचा आतून उजळलेल्या, आकाश जांभळट, समोरच्या फरशीवर नुकताच पाऊस पडून गेल्यासारखी चकाकी. माणसेही आहेत: एक सायकलवाला, फुगा घेतलेली एक मुलगी, हातात कॉफीचा कप धरलेले एक जोडपे. ज्यांच्यासाठी इमारत बांधायची ती माणसे मात्र मला एकाही चित्रात सापडली नाहीत. कुणाच्या हातात फाइल नाही, कुणी रांगेत नाही, कुणी भिंतीला कागद टेकवून अर्ज भरत नाही.

मी वास्तुविशारद नाही. माझी नोकरी सार्वजनिक इमारतींच्या देखभाल-दुरुस्तीत गेली. म्हणजे उद्घाटनाची फीत कापून पाहुणे पांगले की ज्यांचे काम सुरू होते, त्यांतला मी. त्यामुळे नजर जरा वाकडी झाली आहे, हे मान्य. घुमट दिसला की त्याच्यावरचे पाणी कुठून उतरणार हे मी आधी शोधतो.

माझे म्हणणे एकच आहे. आपण चित्रांतून निवड करायला बसला आहात, पण निवड कशाच्या आधारावर करायची, हे लिहिलेला कागद कुठे दिसत नाही. रोज किती माणसे येणार, कोणत्या कामासाठी, कुठून आत शिरणार, कुठे आणि किती वेळ थांबणार, कुणाशी बोलणार आणि काम अडले तर कुणाच्या दारात जाणार, हे आधी लिहा. ते जाहीर करा. मग आलेले आराखडे त्याच्यावर घासून पाहा. दर्शनी भागाची चर्चा त्यानंतर करू, आणि ती करायला मलाही आवडेल.

'हे तपशील पुढे बघता येतील, आधी संकल्पना पक्की होऊ द्या', असे आपल्यापैकी कुणी म्हणेल. संकल्पना चांगली असूनही तपशिलात घोडे कसे पेंड खाते, याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण बॉस्टनचे आहे. तिथल्या नगरभवनासाठी १९६२ च्या स्पर्धेत २५६ प्रवेशिका आल्या. कॉलमन, मॅकिनेल आणि नोल्स या त्रयीची योजना निवडली गेली आणि १९६८ मध्ये इमारत उभी राहिली. तिच्यामागचा विचार आजही वाचताना पटतो. लोकांची रोजची कामे तळाशी, जमिनीलगत. त्याच्या वर महापौरांचे दालन आणि परिषदेचे सभागृह, तेही दर्शनी भागातून बाहेर काढलेले, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आपले प्रतिनिधी कुठे बसतात ते दिसावे. सगळ्यात वर, एकसारख्या खिडक्यांच्या ओळींत, प्रशासन. कारभाराची रचना बाहेरूनच वाचता यावी, अशी ती कल्पना होती. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या वास्तुविशारदांनी आणि इतिहासकारांनी दिलेल्या कौलात ही इमारत देशातल्या सर्वोत्तम दहांत आली.

आणि तरीही बॉस्टनकरांचे तिच्याशी कधी जमले नाही. २००६ मध्ये तर महापौरांनीच ती विकून दुसरीकडे जायचा प्रस्ताव मांडला. लोक काँक्रीटला नावे ठेवतात, पण मला वाटते दुखणे काँक्रीटचे कमी आणि चालण्याचे जास्त होते. समोर विटांचे भले मोठे पटांगण. इटलीतल्या सिएना शहराच्या प्रसिद्ध चौकाचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवून केलेले, पण सिएनाचा चौक चहूबाजूंनी घरांनी वेढलेला आहे आणि त्याचा उतार माणसाला आपोआप नगरभवनाच्या दारी आणून सोडतो. बॉस्टनच्या पटांगणात हिवाळ्यात वारा घोंगावायचा, उन्हाळ्यात सावली नसायची, पायऱ्या जागोजागी आडव्या यायच्या, आणि एवढे सगळे ओलांडून इमारतीपाशी पोचल्यावर दार नेमके कुठले, हे नवख्याला कळायचे नाही. अखेर पटांगणाचे नूतनीकरण झाले आणि २०२२ मध्ये ते नव्या रूपात खुले झाले: झाडे, बसायला जागा, मुलांना खेळायची सोय आणि पायऱ्या न चढता जाता येईल अशी वाट. पन्नासएक वर्षांनी केलेली ही कामे बघा. यातले काय मूळ नकाशात करता आले नसते? झाड लावायला नवे तंत्रज्ञान लागत नाही.

आता आपल्या चित्रांकडे येतो. बहुतेक आराखड्यांत इमारत उंच जोत्यावर चढवलेली आहे आणि समोर रुंद पायऱ्या आहेत. उंची भव्य दिसते, ठीक. पण चाकाच्या खुर्चीसाठीच्या रॅम्पचा उतार जास्तीत जास्त बारास एक ठेवायचा असतो. जोते दीड मीटर उंच केलेत की १८ मीटर लांबीचा रॅम्प लागला, शिवाय मधले थांबे आणि वळणे वेगळी. हा रॅम्प मला चित्रांत दिसेना. नकाशात शोधला तर तो इमारतीच्या कडेने, जनरेटरच्या खोलीशेजारून आत जाताना सापडला. म्हणजे ज्याचे गुडघे धड आहेत त्याने महाद्वारातून यायचे आणि ज्याचे नाहीत त्याने मागच्या अंगाने. जोते कमी करा. पुराच्या पाण्यासाठी उंची हवीच असेल तर संपूर्ण आवार हळूहळू चढते करा, म्हणजे सगळ्यांची वाट एक राहील.

आत शिरल्यावर काय होते, याबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण माझ्या मते निम्मी इमारत तिथे जिंकते किंवा हरते.

कोणतीही सरकारी इमारत सुरू झाली की पहिल्या महिन्याभरात भिंतींवर कागद चिकटू लागतात. 'जन्म-मृत्यू नोंदणी पुढे डावीकडे.' 'येथे चौकशी करू नये.' 'चलन आधी भरा, मग रांगेत या.' ए-फोर कागद, स्केचपेनची अक्षरे, चारी कोपऱ्यांना सेलोटेप आणि खाली जाडजूड बाण. महागड्या दगडावर लागलेला हा कागद म्हणजे त्या इमारतीवर तिच्याच कर्मचाऱ्यांनी लिहिलेला अभिप्राय असतो. वैतागून लिहिलेला. दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न ऐकल्यावर माणूस शेवटी बाण काढतो. चांगल्या नकाशात दारातून दोन पावले आत आले की सगळी मुख्य ठिकाणे नजरेच्या टप्प्यात असतात: चौकशी, टोकन, बसायची जागा, खिडक्या, जिना, लिफ्ट, पाणी, स्वच्छतागृह. पाटी फक्त दुजोरा द्यायला. आपल्याकडे आलेल्या आराखड्यांत दारासमोर चार मजली उंचीचे रिकामे प्रांगण आहे, मधोमध शिल्प आहे, आणि कामाच्या खिडक्या दोन वळणे घेतल्यावर येतात. तिथे कागद चिकटणार, हे मी आजच लिहून देतो.

मग खिडकी. मी ज्या खिडक्यांची डागडुजी केली त्यांतल्या बहुतेकांना एक काच असायची, आणि काचेला बोलण्यासाठी एक अर्धगोल भोक. हे भोक आतल्या कारकुनाच्या तोंडाच्या उंचीवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर. बाहेरचा माणूस उभा. तो कमरेत वाकतो, मान तिरकी करतो, भोकात तोंड घालून बोलतो. उत्तर ऐकायला मान फिरवून कान लावतो. आतल्याला नीट ऐकू येत नाही म्हणून तो ओरडतो, आणि मग कुणाची घरपट्टी किती वर्षांची थकली आहे, कुणाच्या दाखल्यात बापाचे नाव का नाही, हे मागच्या सगळ्या रांगेला समजते. माणसांना कार्यालयात अपमान झाल्यासारखे वाटते ते पुष्कळदा कुणी अपमान केला म्हणून नव्हे. काचेचे भोक चुकीच्या उंचीवर असते. उपाय स्वस्त आहेत. एक तर नागरिकालाही खुर्ची द्या आणि टेबल ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीचे ठेवा, म्हणजे चाकाची खुर्चीही खाली सरकते. किंवा आतली जमीन थोडी उचला, म्हणजे दोघांचे डोळे एका रेषेत येतील. दोन खिडक्यांमध्ये आवाज शोषणारे आडोसे लावा. पिशवी ठेवायला फळी आणि काठी अडकवायला खाच द्या. आणि अर्ज लिहायला उभ्याने टेकता येईल अशी पट्टी खिडक्यांपासून चार पावले मागे, सबंध भिंतभर. ती नसली की लोक पुढच्या माणसाच्या पाठीवर कागद ठेवून सही करतात. मी हे इतके वेळा पाहिले आहे की आता हसूही येत नाही.

हे सगळे लवकरच ऑनलाइन होणार, मग खिडक्या कशाला, असा प्रश्न आपल्या बैठकीत येणारच. साधे दाखले ऑनलाइन जातील, जाऊ द्या. पण त्यानंतर जो माणूस स्वतः चालत येईल तो अडलेला असेल. त्याच्या कागदात काहीतरी गुंता असेल, किंवा त्याला पडदा वाचता येत नसेल, किंवा तो आधीच तीनदा नाकारला गेला असेल. त्याला दोन मिनिटांची खिडकी पुरणार नाही, वीस मिनिटे बसून बोलायला दार लावता येईल अशी छोटी खोली लागेल. तेव्हा खिडक्या कमी करा, पण वाचलेली जागा प्रांगणाला न देता या खोल्यांना द्या.

आता सभागृह. नगरभवनात कार्यालये असतात तशी ती कुठल्याही विमा कंपनीतही असतात. नगरभवनाचे वेगळेपण सभागृहात आहे. फिनलंडमधल्या सायनात्सालो या बेटावरच्या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावाने १९४९ मध्ये स्पर्धा घेतली आणि वास्तुविशारद अल्वार आल्टो यांच्याकडून नगरभवन बांधून घेतले. १९५२ मध्ये ते पूर्ण झाले. एवढ्याशा गावाच्या सभागृहाची उंची तब्बल १७ मीटर. एवढी उंची कशाला, असे विचारल्यावर आल्टोंनी सिएनाच्या सभागृहाचा दाखला देऊन ते सोळा मीटर आहे असे सुनावले, असे सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, उंची खरी आहे. पण मला त्याहून भावतो तो तिथे पोचण्याचा रस्ता. विटांच्या अरुंद, अर्धवट अंधाऱ्या जिन्याने वळत वर जायचे, पायाखाली वीटच. आणि सभागृहात पाऊल टाकताच जमीन लाकडाची होते, चालण्याचा आवाज बदलतो. दारांच्या मुठींना चामड्याची पट्टी गुंडाळलेली आहे, हाताला धातूचा गारठा लागू नये म्हणून. छोट्या गावाच्या पैशात हे सगळे बसले, कारण पैसा कुठे खर्चायचा याचा निर्णय झालेला होता.

सिएनाच्या नगरभवनातही एक खोली आहे. शहर चालवणारे नऊ जण जिथे बसत, त्या खोलीच्या भिंतींवर अम्ब्रोजिओ लोरेन्झेत्ती यांनी १३३८-३९ मध्ये चित्रे काढली. एका बाजूला चांगल्या कारभाराचा परिणाम: शहरात दुकाने चालू आहेत, घरे बांधली जात आहेत, वेशीबाहेर शेते पिकली आहेत. दुसऱ्या बाजूला वाईट कारभाराचा: पडकी घरे, लूटमार, ओसाड रान. कारभाऱ्यांनी मान वर केली की दोन्ही दिसणार. आपल्या सभागृहाच्या भिंतीवर पुष्पगुच्छ स्वीकारतानाचे फोटो लावायचे ठरत असेल तर त्याआधी हे एकदा आठवावे.

आराखड्यांत सभागृहावर घुमट आहे. गोल घुमटाखाली आवाज एका ठिकाणी गोळा होतो आणि बाकी सगळीकडे घुमतो. भाषणासाठीच्या दालनात आवाज विरायला साधारण एक सेकंद पुरेसा. त्याहून बराच जास्त वेळ लागला की शब्दांवर शब्द चढतात आणि मग माइकचा आवाज वाढवत न्यावा लागतो. घुमट ठेवायचाच असेल तर आतले छत वेगळे करा आणि ध्वनितज्ज्ञाचा हिशेब निविदेच्या आधी मागा. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रेक्षकांची जागा. नकाशात ती तिसऱ्या मजल्यावर, काचेमागे आहे. तिथे जायला पास, मग वेगळा जिना. तिथून वक्त्याची टाळू दिसेल. नागरिकाला रस्त्यावरून थेट, विनापरवाना, सभागृहाच्याच पातळीवर येऊन बसता आले पाहिजे. सुरक्षेची तपासणी दारात एकदा झाली की पुरे. आणि काच नको. ज्या सभेतला गोंधळ ऐकू येत नाही ती सभा पाहून काय करायचे?

दर्शनी भागाबद्दल आता बोलतो, कारण तोच आपल्या चर्चेत सगळ्यांत जास्त वेळ खाणार. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची एक प्रशासकीय इमारत १९८२ मध्ये उघडली. मायकेल ग्रेव्हज यांची ही रचना. रंगीत, नक्षीदार, त्या काळात जगभर गाजलेली. बजेट तुटपुंजे होते आणि ही योजना त्यात बसत होती. बाहेरून ठसठशीत दिसावे म्हणून खिडक्या लहान आणि गडद काचेच्या ठेवल्या. पंधरा मजल्यांवर कर्मचारी अंधारात काम करू लागले. पुढे भिंतींतून पाणी झिरपायला लागले. शेवटी संपूर्ण इमारतीला बाहेरून नवे आवरण चढवून, आतून बदलून, २०२० मध्ये ती पुन्हा वापरात आणावी लागली. आता वास्तुकलेच्या प्रेमिकांची तक्रार अशी की त्यात मूळ कृतीची वाट लागली. दोन्ही बाजूंचे खरे आहे. गळणारी भिंत जपून ठेवता येत नाही.

आपल्या आराखड्यांचा दोष उलटा आहे: सगळे काच. पश्चिमेलाही काच. दुपारनंतर तिथे बसणारा कर्मचारी पहिल्याच आठवड्यात काचेला वर्तमानपत्र चिकटवणार, दुसऱ्या महिन्यात पत्र्याचे कपाट आडवे लावणार, आणि आपला पारदर्शक कारभार रस्त्यावरून कपाटांच्या पाठींच्या रूपात दिसेल. मेलबर्न महापालिकेने २००६ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दहा मजली कार्यालय बांधले. त्याच्या पश्चिमेच्या अंगाला जुन्या लाकडापासून केलेल्या उभ्या झडपा आहेत. ऊन फिरते तशा त्या फिरतात. रात्री हवा गार झाली की खिडक्या आपोआप उघडतात, काँक्रीटचे जाड छत थंड होते आणि दुसऱ्या दिवशी तोच थंडावा कामी येतो. इमारत ओळखली जाते ती त्या झडपांमुळेच, म्हणजे उन्हाचा बंदोबस्त हाच तिचा दर्शनी भाग झाला. डॅलसचे १९७८ चे नगरभवन आठवा. आय. एम. पेई यांनी तळमजला अरुंद ठेवून वरचा प्रत्येक मजला पुढे काढत नेला, कारण लोकांच्या कामाला खाली जागा कमी लागत होती आणि कार्यालयांना वर जास्त. ३४ अंशांत झुकलेली ती समोरची बाजू स्वतःच सावली धरते. रूप भव्य आहे की विचित्र यावर वाद घाला, पण ते कुठून आले हे विचारले तर उत्तर आहे. 'हा घुमट का?' या प्रश्नाला आपल्याकडे काय उत्तर आहे?

सौंदर्याला माझा विरोध आहे असा समज होऊ नये. स्टॉकहोमच्या नगरभवनाला बारा वर्षे लागली, १९११ ते १९२३, आणि जवळपास ऐंशी लाख विटा. तिथला 'निळा हॉल' निळा नाही. रंगवायचा ठरलेला होता, पण विटेचा लाल रंग वास्तुविशारद राग्नर ओस्टबर्ग यांना इतका आवडला की त्यांनी बेत बदलला आणि नाव मागे राहिले. आज नोबेलची मेजवानी तिथे होते. बांधता बांधता बेत बदलण्याची मुभा त्या माणसाला मिळाली, याचा मला हेवा वाटतो. आमच्या वेळी फरशीचा रंग बदलायलाही तीन सह्या लागत.

भूकंप आणि पूर यांचे थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोचे जुने नगरभवन बांधायला जवळपास पाव शतक लागले आणि १९०६ च्या भूकंपात ते काही क्षणांत ढासळले. निकृष्ट बांधकाम आणि भ्रष्टाचार यांची चर्चा तेव्हापासून आजवर चालू आहे. नवे घुमटाचे भवन १९१५ मध्ये झाले, १९८९ च्या भूकंपात त्यालाही तडे गेले, मग पायात धक्का शोषणारी ५३० उपकरणे बसवून १९९९ मध्ये ते पुन्हा उघडले. जपानमधल्या उतो शहराचे पाच मजली नगरभवन २०१६ च्या कुमामोतो भूकंपात असे चेपले की चौथा मजला जवळजवळ नाहीसा झाला. धक्का मध्यरात्रीनंतरचा होता म्हणून बरे. ज्या इमारतीतून मदतकार्य चालायचे तिच्यातच पाऊल ठेवता येईना, आणि कारभार तात्पुरत्या जागेत हलवावा लागला. संकटाच्या रात्री नगरभवन चालू राहिले पाहिजे, ही अट रुग्णालयाइतकीच कडक धरा. आपल्या नकाशात वीजपुरवठ्याचे पॅनेल, जनरेटर, सर्व्हर आणि अभिलेखागार, चारही तळघरात आहेत. जागा वाचते, हे खरे. पाणी शिरले की चारही एकदम जातील, हेही तितकेच खरे. आणि अभिलेखागार वर हलवाल तेव्हा नुसते खोलीचे नाव बदलू नका: फाइलींनी भरलेल्या सरकत्या कपाटांचा भार साध्या कार्यालयाच्या दुपटीहून अधिक धरावा लागतो. स्लॅब आधीच तसा काढलेला नसेल तर ती खोली नंतर करता येत नाही.

पुढे काय होईल याचाही विचार हवा. लंडनचे नदीकाठचे गोलसर काचेचे नगरभवन २००२ मध्ये उघडले. नॉर्मन फॉस्टर यांची रचना, सभागृहाच्या वर गोल फिरत जाणारा सुमारे अर्धा किलोमीटरचा रॅम्प, कारभार लोकांच्या नजरेखाली चालावा ही प्रतिमा. इमारत मात्र भाड्याची होती. वीस वर्षे पुरी व्हायच्या आत, २०२१ च्या अखेरीस, खर्च वाचवण्यासाठी महापौर आणि त्यांचे कार्यालय तिथून निघाले आणि शहराच्या पूर्वेला प्रशासनाच्या स्वतःच्या मालकीच्या इमारतीत गेले. आपल्याकडे 'खासगी भागीदारीतून बांधू, वरचे मजले त्यांना देऊ' अशी कुजबुज आहे म्हणून हे सांगितले. उलट सायनात्सालोने तळाशी दुकाने, बँक आणि वाचनालय ठेवले होते. कारभार वाढला तर दुकानांची जागा कार्यालयांना घेता येईल, असा त्यात बेत होता. प्रत्यक्षात १९९३ मध्ये ते गावच शेजारच्या युवास्क्युला शहरात विलीन झाले आणि सभागृहाला सभा उरली नाही. इमारत अजून उभी आहे, लोक ती बघायला जातात. सांगायचा मुद्दा हा की आज काढलेली प्रत्येक खोली तीस वर्षांनी वेगळ्या कामाला लागेल. हलवता येणाऱ्या भिंती, मोकळे खांब, पुरेशी मजल्याची उंची आणि पाइप-वायरींसाठी दार उघडून आत जाता येईल अशा उभ्या वाटा मागा. हे शेवटचे कलम मी आमच्या प्लंबरांच्या वतीने घालतो आहे.

निवडीच्या पद्धतीबद्दल. टोरांटोत १९५५ मध्ये तीन स्थानिक कंपन्यांनी मिळून एक आराखडा केला होता. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी त्यावर जाहीर टीका केली, आणि मतदारांनी सार्वमतात तो फेटाळला. महापौर नेथन फिलिप्स यांनी मग आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली. १९५८ मध्ये पाचशेहून अधिक प्रवेशिकांतून फिनलंडच्या विल्यो रेवेल यांची योजना निवडली गेली. समोरासमोर वळलेले दोन उंच मनोरे, मधे बशीसारखे सभागृह. १९६५ मध्ये ती उघडली तेव्हा रेवेल हयात नव्हते. इमारत निर्दोष नाही: एका मनोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर खाली उतरून पुन्हा वर चढावे लागते. पण लोकांनी ती आपली मानली, समोरचा चौक वर्षभर भरलेला असतो, आणि त्याची सुरुवात एका 'नको' पासून झाली. आपण वेळ लागतो म्हणून घाबरू नका. फिलाडेल्फियाला नगरभवन बांधायला तीस वर्षे लागली होती. आपण सहा महिने अधिक घेतलेत तर कुणी इतिहासात नोंद करणार नाही.

तेव्हा माझी मागणी. आधी गरजांचा कागद तयार करा, आणि तो करताना खिडकीवरचे कारकून, शिपाई, सफाई कर्मचारी, लिफ्टमन आणि अभिलेखापाल यांना बोलावून घ्या. त्यांना भिंती कुठे चुकतात ते पाठ असते, पण आजवर त्यांना कुणी विचारलेले नाही. वास्तुविशारदांकडून संध्याकाळच्या चित्राऐवजी भर दुपारचे एक चित्र मागा, तळमजल्याचा नकाशा मागा, आणि सभागृहातून कापलेला छेद मागा. प्रत्येक आराखड्यासोबत तीस वर्षांच्या देखभालीचा खर्च मागा: वीज, काचांची सफाई, गळती-प्रतिबंधक थर पुन्हा घालणे, लिफ्ट बदलणे. बांधकामाच्या खर्चापेक्षा हा आकडा मोठा निघाला तर दचकू नका. तो आज लिहिला नाही तरी भरावा लागतोच.

आणि शेवटी एक विनंती, जिला फारसे पैसे लागत नाहीत. शेवटच्या दोन आराखड्यांचा तळमजला एखाद्या मोकळ्या मैदानावर चुन्याच्या रेघांनी खऱ्या मापात आखा. दारे, खिडक्या, रांगा, रॅम्प, जिना, सगळे. टेबले मांडा. मग खिडकीवर रोज बसणाऱ्यांना आत बसवा, आणि एका कामाच्या दिवशी येतात तितकी माणसे दारातून आत सोडा: काठीवाले आजोबा, कडेवर मूल असलेली बाई, चाकाच्या खुर्चीतला तरुण, आणि ज्याचा कागद कायम अपुरा असतो तो गृहस्थ. कोण कुणाला अडखळते ते अर्ध्या दिवसात दिसेल. चुना, दोरी आणि तीस मीटरची टेप घेऊन मी सकाळी सहाला येतो. मैदान कुठले ते तेवढे कळवा.

आपला,
देखभाल-दुरुस्ती विभागातला एक निवृत्त अभियंता